जानेवारीचं ऊन

ब्यूनस आयर्समधल्या ओन्से भागात प्लासा मिसेरेरे नावाचा चौक आहे. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी त्या चौकाच्या कडेला बसची वाट बघत उभी होते. डांबर इतकं तापलं होतं की पाऊल उचलताना चपलेला किंचित ओढ लागायची. चौकाच्या मधोमध अर्जेंटिनाच्या पहिल्या अध्यक्षाची, रिवादाव्हियाची भलीमोठी समाधी आहे, तिच्या सावलीत कबुतरं पंख ढिले सोडून बसली होती आणि त्यांच्या शेजारी माणसंही तशीच. माझ्या बाजूला एक तरुण मुलगी, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. उन्हाची तिरीप सरकत बाळाच्या पावलांवर आली की ती एक पाऊल मागे व्हायची. ऊन पुन्हा गाठायचं, ती पुन्हा मागे. शेवटी तिची पाठ एका बंद दुकानाच्या शटरला टेकली, तेव्हा तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढून बाळाच्या डोक्यावर धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जानेवारीचं ऊन, दुसरं काय." मी समजल्यासारखी मान हलवली. आणि मान हलवता हलवताच पोटात खड्डा पडला.

कारण तेच ऊन मी आधीच एका बाळाला देऊन बसले होते.

आदल्या वर्षी कोल्हापुरात भाचीच्या मुलीचं बारसं होतं. आईच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून नेलं होतं आणि सोबत हाताने लिहिलेलं एक कार्ड. कार्डावर लुईस आल्बेर्तो स्पिनेत्ता या अर्जेंटिनाच्या रॉक गायकाच्या गाण्यातल्या ओळींचा माझा अनुवाद. गाण्याचं नाव ‘सगळी पानं वाऱ्याचीच’. १९७३ सालचं गाणं, दोन-अडीच मिनिटांचं, एका आईला सांगितलेलं: बाळाला जप, त्याचं मन जप, त्याला जानेवारीचं कोवळं ऊन दे. बारशाला आलेल्या बायकांनी "अगं बाई, किती गोड" म्हणत त्याचे फोटो काढले. भाचीने फ्रेम करून ते पाळण्याच्या वरच्या भिंतीवर लावलं. मूळ गाण्यात ‘कोवळं’ नाही. तिथे नुसतं ‘जानेवारीचं ऊन’ आहे. तो शब्द मी घातला, आणि गंमत म्हणजे घातल्याचं मला कळलंही नाही. जानेवारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजोळची गच्ची येते. तेलाने माखलेलं बाळ पायांवर पालथं घेतलेली आजी, सुपात निवडायला घेतलेले संक्रांतीचे तीळ, आणि पाठीवर कुणी हात ठेवावा तसं ऊन. विषुववृत्ताच्या खाली जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत त्यावर मार्क मिळवलेत. पण गाणं ऐकताना भूगोल कुठे जातो कोण जाणे.

अर्जेंटिनाशी माझी ओळख मामामुळे झाली. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे तालमी कुस्तीच्या असतात तशा फुटबॉलच्याही असतात, आणि वर्ल्ड कपच्या महिन्यात गल्ल्यागल्ल्यांतून परक्या देशांचे झेंडे फडकत असतात. १९८६ साली मॅरेडोनाने इंग्लंडला हरवलं तेव्हा शेजारच्यांच्या टीव्हीपुढे मामा ढसाढसा रडला होता. आईने विचारलं, "तुझं काय गेलं रे त्यात?" मामा म्हणाला, "आक्का, ती पोरं लढाईत मेलती त्यांची. चारच वर्सं झाली." फॉकलंड बेटांवरून १९८२ साली अर्जेंटिना आणि इंग्लंड लढले होते, ती लढाई मला त्या वाक्यातून कळली. पुढे कितीतरी वर्षांनी, २०२२च्या डिसेंबरात, अर्जेंटिनाचं ‘मुचाचोस’ हे गाणं आमच्या गल्लीत स्पीकरवर लागलं. मूळचं प्रेमभंगाचं, दारू प्यायला निघालेल्या माणसाचं गाणं, शब्द बदलून फुटबॉलचं झालेलं. गल्लीतली पोरं ‘मुचाचोस’ एवढा एकच शब्द बरोबर म्हणत होती, बाकी नुसतं लालालाला. पण त्या गाण्याच्या अगदी पहिल्या ओळींतच मॅरेडोना आणि मेस्सी यांच्या पाठोपाठ फॉकलंडमधली पोरं येतात, त्यांना कधी विसरणार नाही म्हणून. मामा असता तर त्याला सांगायचं होतं की तू बरोबर होतास.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले ते पोटासाठी. गेली वीस वर्षं गिअरबॉक्स, पंप, ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह यांच्या पुस्तिका इकडून तिकडे करते. त्या भाषेत मरण फक्त एकदाच येतं: ‘विजेचा धक्का बसून मृत्यू ओढवू शकतो’. गाणी ही माझी चोरून खायची चीज. अर्जेंटिनाचंच रॉक का, असं मैत्रिणी विचारतात. खरं सांगायचं तर मला सगळ्यात आधी त्यातला आळस आवडला. ‘अस्तित्ववाद’ हा शब्द आमच्या कॉलेजच्या दिवसांत फार स्वस्त होता. कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत कुणीतरी तो उच्चारायचंच, आणि उच्चारणाऱ्याची दाढी हटकून वाढलेली असायची. तेव्हापासून त्या शब्दाची मला जरा धास्तीच आहे. या गाण्यांत मात्र तेच सगळं होतं, एकटेपण, निरर्थकता, मरण, पण घरातल्या वस्तूंमधून वाट काढत आलेलं. जिन्याचा कठडा, टेलिफोन नंबर, अंथरूण, लाकडाच्या फळ्या.

चार्ली गार्सियाचं गाणं घ्या. १९७२ साली ‘सुई जेनेरिस’ या जोडीची पहिली तबकडी आली. तबकडीचं नाव ‘आयुष्य’, आणि पहिलंच गाणं ‘माझ्या मरणासाठी गाणं’. लिहिलं तेव्हा गार्सिया विशीत, सक्तीच्या लष्करी सेवेत अडकलेला आणि सुटायची धडपड करणारा. लष्करी इस्पितळात असताना हे गाणं त्याला एका झटक्यात सुचलं असं सांगतात. सुरुवातीला हरवलेल्या बालपणाबद्दलच्या ओळी आहेत, काचेच्या महालांत ठेवलेली स्वप्नं वगैरे. त्या मला कधीच फारशा भिडल्या नाहीत, विशीतल्या माणसाला शोभणारा भाबडेपणा आहे तो. पण पुढे तो थेट मरणाशीच बोलायला लागतो. आणि काय बोलतो? तुझं नाव सांग, तुझा पत्ता सांग, आणि तुझ्याकडे टेलिफोन आला असेल तर नंबरही दे. त्या काळी ब्यूनस आयर्समध्ये घरी फोन यायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आपल्यासारखंच. आमच्याकडे फोन लागला तेव्हा आईने डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि शेजारपाजारचे नंबर विचारायला आले होते. म्हणजे मरणही बिचारं प्रतीक्षायादीत असू शकतं! हा विनोद आहे की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे तो विनवतो की न्यायला येणार असशील तर आधी कळव. भीती वाटते म्हणून नव्हे, जरा आवरून बसायचंय.

हा अनुवाद करताना मी अडले ती लिंगावरून. स्पॅनिशमध्ये मरण ही ‘ती’ आहे. एके सकाळी ती माझ्या खोलीत सापडेल आणि दोघांसाठी अंथरूण घालेल, असं तो म्हणतो, त्यात जी बाई उभी राहते ती मराठीत उभीच राहत नाही. आपला मृत्यू ‘तो’. आपलं मरण ‘ते’. यम आला तर रेड्यावर बसून, फास घेऊन, त्याला कुठला फोन आणि कुठलं अंथरूण. इथे तुकोबांची आठवण काढणं फार सोपं आहे आणि म्हणूनच मी ती टाळते. मी ‘मरणघडी’ करून पाहिलं. घडी स्त्रीलिंगी, आणि वर अंथरुणाचीही घडी असते, म्हणून दोन दिवस स्वतःवर खूश होते. तिसऱ्या दिवशी वाचलं तर ते एखाद्या पंचांगातून उचलल्यासारखं वाटलं. मग एकदा भाची माहेरपणाला येणार म्हणून तिचा फोन आला, "मावशी, न्यायला कोण येतंय ते आधी सांग गं, ऐनवेळी नको, मला आवरायला वेळ लागतो." मी तशीच फोन धरून बसले. हे तर गार्सियाचं वाक्य! पूर्वी सासरी माहेराहून मुराळी यायचा. त्याची वाट बघणारी मुलगी रोज वेणी घालून, कपाळ नीट करून बसायची, कधी येईल सांगता येत नाही म्हणून. मरणाला मुराळी करून टाकलं की लिंगाचा प्रश्न उलटा होतो, येणारा ‘तो’ आणि वाट बघणारी मी. गाणं माझं झालं. गार्सियाचं राहिलं का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो ओन्सेच्या चौकात पडला.

त्याच गाण्यात एक जागा आहे जिथे मी दरवेळी थांबते. कठडा धरून चाल, असं तो सांगतो. तुझ्याआधी हजार म्हातारी माणसं त्याला घट्ट धरून होती आणि तरी गेलीच. कठड्याला स्पॅनिशमध्ये ‘पासामानोस’ म्हणतात, ज्यावरून हात सरकत जातात ते. आमच्या आजोळच्या वाड्याचा जिना इतका अरुंद आणि उभा होता की त्याला कठडा नव्हताच, वरून एक जाडजूड दोर सोडलेला असायचा. तो धरून चढायचं. खालचा भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला, वर जावं तसा सुंभाचा खरखरीतपणा शाबूत, कारण वरच्या दोन पायऱ्यांवर पोचल्यावर माणूस दोर सोडून चौकटीला हात घालतो. आजी शेवटच्या वर्षी त्या जिन्यापाशी यायची, दोर हातात घ्यायची, आणि न चढता तशीच उभी राहायची. आम्हाला वाटायचं तिला दम लागलाय. वाडा पाडला तेव्हा दोर कुणी नेला ते कळलं नाही. अनुवादात मी ‘कठडा’ खोडून ‘दोर’ केलं, आणि तो मात्र मला आजही बरोबर वाटतो.

पण ओन्सेत मी गेले होते ती वेगळ्याच जागेच्या शोधात. त्या चौकाच्या कोपऱ्यावर ‘ला पेर्ला’ नावाचा कॅफे होता. १९६७च्या सुमाराला लांब केसांची पोरं तिथे रात्र काढायची. ओंगानिया नावाच्या जनरलने आदल्या वर्षी सत्ता घेतली होती आणि लांब केस दिसले की पोलीस उचलून न्यायचे. कॅफेत गिटार वाजवू देत नसत, म्हणून तांगितो आणि लितो नेबिया ही दोन पोरं, स्पष्टच बोलायचं तर, मुतारीत जाऊन वाजवायची. तिथे आवाज घुमायचा छान. तिथेच ‘ला बाल्सा’ म्हणजे ‘तराफा’ हे गाणं झालं. नेबियाच्या ‘लोस गातोस’ या बँडने ते त्याच वर्षी वाजवलं, अडीच लाखांच्या आसपास तबकड्या खपल्या, आणि स्पॅनिशमधून, तिथल्याच बोलीच्या जवळचं रॉक विकलं जातं हे कंपन्यांना पटलं. नेबिया तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा.

गाण्यातला माणूस म्हणतो की या टाकून दिलेल्या जगात मी फार एकटा आहे. तांगितोची मूळ ओळ यापेक्षा शिवराळ होती, तबकडीसाठी ती धुऊन काढली. मग तो ठरवतो की कुठून कुठून लाकूड जमवायचं, तराफा बांधायचा, आणि जायचं. कुठे? पलीकडे नाही. बुडायला. ‘नाउफ्रागार’ असं क्रियापद आहे, जहाज फुटून बुडणं. इतकी मेहनत करून बांधलेला तराफा, आणि बेत बुडण्याचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं ऐकण्यात चूक झाली. आपल्याकडे नाव निघाली की पैलतीर ठरलेलाच असतो. भवसागर कितीही मोठा असो, पलीकडे कुणीतरी उभं आहे याची खात्री असते. इथे पलीकडे काहीच नाही. नंतर कळलं की ती पोरं स्वतःलाच ‘बुडालेले’ म्हणायची. या कॅफेतून त्या कॅफेत, मग बागेत, पहाटे पुन्हा कॅफेत, असं बिनपैशाचं रात्रभर भटकणं म्हणजे ‘नाउफ्रागार’. म्हणजे ज्याला मी तत्त्वज्ञान समजत होते ती निम्मी त्यांच्या टोळीची बोली होती. जरा हिरमोड झाला. पण तांगितोचं पुढे काय झालं ते वाचलं आणि तो शब्द पुन्हा जड झाला. मनोरुग्णांच्या इस्पितळातून पळून निघालेला तांगितो १९७२च्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून गेला, सव्वीस वर्षांचा. त्याच्या मरणानंतर निघालेल्या तबकडीत गाणं सुरू होण्याआधी एका मित्राचा आवाज आहे: तू ला पेर्लाच्या मुतारीत ‘तराफा’ रचलंस. एवढंच. कुणाचा तरी दाखला काढावा तसं.

त्या रविवारी ला पेर्लाच्या कोपऱ्यावर पिझ्झ्याचा वास होता, वितळलेल्या चीजचा आणि कांद्याचा. मी आत गेले नाही. मुतारी बघायला आलेय असं कुणाला सांगणार?

स्पिनेत्ताचं ते पानांचं गाणं ज्या तबकडीत आहे तिचं नाव ‘आर्तो’. फ्रेंच कवी आंतोनँ आर्तोवरून. त्याच्या बँडमधली बाकी सगळी माणसं सोडून गेलेली, स्पिनेत्ता जवळजवळ एकटाच, वय तेवीस. कव्हर हिरवं-पिवळं आणि आकाराने वेडंवाकडं, चौकोनी नव्हेच. दुकानदारांना ते मांडणीत बसवता यायचं नाही. आर्तो वाचून माणसाला जी निराशा चढते तिच्यावरचा उतारा म्हणून आपण हे केलं, अशा अर्थाचं स्पिनेत्ता बोललेला आहे. उतारा हा आपला शब्द मला इथे भलता आवडतो. विषावर उतारा असतो, दृष्ट काढून टाकलेला उतारा असतो, आणि डोंगरावरून खाली येतानाचाही. त्यातल्याच पिवळ्या पुलांच्या लांबलचक गाण्यात तो म्हणतो की जबरदस्ती केलीत तरी ‘जुनं ते सोनं’ असं मी म्हणणार नाही, उद्याच चांगला आहे. गेलेल्या दिवसांसाठी झुरणाऱ्या टँगोच्या शहरात हे म्हणणं म्हणजे पंढरपुरात वारीला नाव ठेवण्यासारखं. आज ती तबकडी पन्नाशी ओलांडून गेली आहे आणि तिचे चाहते, मीही त्यात आले, ती लावतो आणि म्हणतो, असं संगीत आता होत नाही बाई.

आणि तो ‘उद्या’ कसा निघाला, तर तबकडी आल्यावर अडीच वर्षांनी, २४ मार्च १९७६ला, लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

इथून पुढे मला गाण्यांचा अर्थ लावायची लाज वाटायला लागते. माणसं घरातून, कॉलेजातून, बसस्टॉपवरून उचलली जात होती आणि नंतर कुठेच नव्हती. १९७९च्या डिसेंबरात एका पत्रकाराने विचारल्यावर सत्तेवर बसलेल्या व्हिदेला या जनरलने टीव्हीवर उत्तर दिलं. नाहीसा झालेला माणूस म्हणजे एक कोडं आहे, तो असत नाही, तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. आमच्या कॅन्टीनमधल्या दाढ्यांपैकी कुणालाही सुचलं नसतं असं हे वाक्य. अस्तित्वाचा प्रश्न त्या देशात सरकारने काढला, गणवेश घालून, मायक्रोफोनपुढे. त्या माणसांसाठी स्पॅनिशमध्ये ‘देसापारेसिदो’ हा शब्द आहे, आणि त्याचं क्रियापद लोकांनी व्याकरण मोडून वापरायला सुरुवात केली: ‘त्याला नाहीसा झाला’ म्हणावं तसं, कर्म घालून. मराठीला ते मोडावं लागत नाही, आपल्याकडे ‘नाहीसा झाला’ही आहे आणि ‘नाहीसा केला’ही आहे. आणि शब्द तरी कसा, नाही‘सा’. नाही असं नव्हे, नसल्यासारखा. व्हिदेलाचं अख्खं उत्तर त्या ‘सा’मध्ये मावतं. हा शब्द मी रोज चष्म्यासाठी वापरते.

१९८३च्या नोव्हेंबरात, निवडणूक झालेली आणि नवा अध्यक्ष शपथ घ्यायचा बाकी असताना, गार्सियाची नवी तबकडी आली. त्यात ‘डायनोसॉर’ नावाचं गाणं आहे. पियानोवर, सावकाश. गल्लीतले मित्र नाहीसे होऊ शकतात, वर्तमानपत्रात लिहिणारे नाहीसे होऊ शकतात, तुमचं प्रेमाचं माणूस नाहीसं होऊ शकतं. हवेत असलेले हवेत नाहीसे होऊ शकतात. तिथे ‘हवेत’ म्हणजे रेडिओवर बोलणारे, गाणारे. पण १९९५ साली एका नौदल अधिकाऱ्याने कबूल केलं की माणसांना गुंगीचं औषध देऊन विमानातून पाण्यात टाकत होते, आणि तेव्हापासून ती ओळ ज्याला जशी ऐकू यायची तशीच येत असेल असं मला वाटत नाही. गार्सियाने ती बदललेली नाही. बदललं ते ऐकणाऱ्यांचं. आणि इतक्या यादीनंतर शेवटी गाणं वळतं: पण डायनोसॉरही नाहीसे होणार आहेत. तेच क्रियापद. पहिल्या ओळींत ‘होऊ शकतात’, या ओळीत ‘होणार’. एवढ्याशा फरकावर गाणं उभं आहे. मी अनुवाद करत बसले तेव्हा दोन्हीकडे चुकून ‘होतील’ लिहिलं होतं.

प्लासा दे मायो या चौकात मी आदल्या गुरुवारी गेले होते. दर गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता तिथे हरवलेल्या मुलांच्या आया गोल फेरी घालतात, १९७७ सालापासून. त्यांच्या डोक्याला पांढरा रुमाल असतो आणि खाली जमिनीवरही त्या रुमालांची पांढऱ्या रंगात चित्रं काढलेली आहेत. सुरुवातीला एकमेकींना गर्दीत ओळखता यावं म्हणून त्यांनी जे बांधलं ते आपापल्या मुलांचे लंगोट होते. वीस-पंचवीस वर्षांची, नाहीशी झालेली मुलं, आणि त्यांचे तान्हेपणीचे लंगोट कपाटात जपून ठेवलेले. मी हे वाचलेलं होतं. पण त्या दिवशी काठी टेकत चाललेल्या एका आजींच्या डोक्यावरचा रुमाल वाऱ्याने हलला, त्यांनी तो दोन्ही हातांनी पुन्हा बांधला, आणि मला आईच्या लुगड्याचं दुपटं आठवलं. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता असंही नंतर वाटलं.

रविवारी ती मुलगी बाळाला घेऊन बसमध्ये चढली आणि मी मात्र बस सोडून दिली. चौकाच्या दुसऱ्या अंगाला, बार्तोलोमे मित्रे रस्त्यावर, ला पेर्लापासून हाकेच्या अंतरावर ‘क्रोमान्योन’ हा हॉल होता. ३० डिसेंबर २००४च्या रात्री तिथे रॉकचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी आत फटाका पेटवला, छताखाली ताणलेल्या जाळीने पेट घेतला, संकटकाळी उघडायचं दार कुलूपबंद होतं. १९४ माणसं गेली, बहुतेक पोरंसोरं, बहुतेक धुराने गुदमरून. तिथे आता फोटो आहेत, जपमाळा आहेत, आणि कॅनव्हासचे बूट आहेत, कुठे नाडीला बांधून टांगलेले, कुठे नुसते ठेवलेले. उन्हाने त्यांचे रंग उडालेत आणि रबर तडकलंय. एक जोडी इतकी लहान होती की मी मापाचा अंदाज करायला लागले आणि मध्येच थांबले. सदतीस वर्षांच्या अंतराने, एकाच चौकाला लागून, एका बाजूला बुडायला निघालेला तराफा आणि दुसऱ्या बाजूला हे. दोन्ही जोडून काहीतरी म्हणावं असा मोह मला तिथे उभी असतानाच झाला, लेख लिहिणाऱ्या माणसाला होतो तसा. बूट गरम होते. त्यांना हात लावल्यावर मला कळलं की आपल्याला काही म्हणायचं नाहीये.

तर जानेवारीचं ऊन. स्पिनेत्ताचा स्वतःचा जन्म २३ जानेवारीचा, १९५०. आता त्या तारखेला तिथे संगीतकारांचा राष्ट्रीय दिवस असतो. जानेवारी म्हणजे तिकडे शाळांना सुट्टी, पाण्यात डुंबणं, उशिरापर्यंत उजेड, आणि डोक्यावर तापलेलं ऊन. बाळाला ते दे, असं तो म्हणतो. झेपेल तेवढं, सकाळचं, असलं काही तो म्हणत नाही. आणि लगेच पुढे सांगतो की सगळी पानं वाऱ्याचीच असतात, मेल्यावरसुद्धा त्यांना वाराच हलवतो. माझ्या कार्डावर ही ओळ नव्हती. बारशाला मरण कशाला, म्हणून मी ती गाळली होती. म्हणजे एक शब्द वाढवला आणि एक ओळ कमी केली, आणि उरलं ते तीट लावलेलं गाणं. पण बसस्टॉपवरच्या त्या मुलीनेही मूळ ऊन बाळाला दिलं नाहीच की. ती वर्तमानपत्र धरून मागे मागे सरकत होती. स्पिनेत्ताची भाषा तिची, जानेवारी तिचा, आणि तरी तिने बाळाला सावलीच दिली.

परत आल्यावर पुढच्या संक्रांतीला कोल्हापूरला गेले तेव्हा पर्समध्ये व्हाइटनर नेला होता. भाचीला सांगितलं, स्पेलिंगची चूक आहे. तिने फ्रेम काढून दिली, "कर बाई काय ते, पण ते ‘गोड’ असू दे." मी ‘कोवळं’वर पांढरा थेंब पसरला, फुंकर घालून वाळवला. ‘जानेवारीचं’ आणि ‘ऊन’ यांच्यामध्ये एक फुगीर पांढरा ठिपका तयार झाला. काच परत बसवेपर्यंत चहा आला म्हणून मी कार्ड गच्चीवर पाटावर ठेवलं आणि खाली गेले. वर आले तर दोन वर्षांची ती बया, अंगभर तेल चोपडलेली, आंघोळीआधीच आजीच्या हातून सुटलेली, पाटापाशी उकिडवी बसली होती. तिला तो ठिपका सापडला होता. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून, ती तो नखाने खरवडत होती, आणि खालून ‘को’ दिसायला लागला होता.